अमेरिकेतल्या मराठी प्राध्यापकांना खुलं पत्र: आम्हाला फक्त सहीपुरतं बोलवू नका

नमस्कार मंडळी,

दरवर्षी फॉल सेमिस्टर सुरू होऊन चार-पाच आठवडे झाले की मला एक मेल येतो. पाठवणारं माणूस वेगळं असतं, युनिव्हर्सिटी वेगळी असते, पण मजकूर साधारण तोच, की आमचं ग्रँटसाठीचं प्रपोजल दोन आठवड्यांत जायचंय, त्यात कम्युनिटी कॉलेजच्या मुलांसाठी उन्हाळ्यात काहीतरी करायचं ठरवलंय, तर तुमच्या कॉलेजचं एक पत्र मिळेल का. एनएसएफच्या, म्हणजे संशोधनाला पैसे देणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे ते पत्र जवळपास एका वाक्याचं असतं, प्रपोजल मंजूर झालं तर आम्ही सहकार्य करू एवढंच लिहायचं, बाकी स्तुती वगैरे चालत नाही. मी डीनची सही घेते आणि पाठवते. त्यानंतर बहुतेक वेळा काहीच कळत नाही. ग्रँट मिळाली का, मिळाली असेल तर आमची मुलं त्यात कुठे बसली, कोणी फोन करत नाही. गेल्या काही वर्षांतल्या अशा मेलांपैकी दोन मराठी आडनावांचे होते आणि ते वाचून मला जरा जास्त लागलं, म्हणून हे पत्र इंग्रजीत न लिहिता मराठीत लिहितेय.

मी कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या आसपासच्या एका कम्युनिटी कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. मूळची बार्शीची. तुमच्यातले कितीतरी जण पण असेच लहान गावातून, मराठी शाळेतून, मग पुणे मुंबई करत इथे आलेत हे मला माहितीये. तुम्ही पीएचडी केलीत, पोस्टडॉक केलीत, लॅब उभी केलीत, पाचव्या-सहाव्या प्रयत्नात का होईना ग्रँट आणलीत, आज तुम्ही पॅनलवर बसून दुसऱ्यांची प्रपोजलं वाचता. तुमच्याकडे जे ज्ञान आहे ते आमच्या कॉलेजांमध्ये नाही, आणि आमच्याकडे जे आहे ते तुमच्याकडे कमी आहे, हे मी अगदी आदराने म्हणतेय. मला ह्या दोन गोष्टींची गाठ मारायची आहे.

आधी थोडं कम्युनिटी कॉलेजबद्दल, कारण मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत मला अजूनही लोक विचारतात की म्हणजे आपल्या आयटीआयसारखं का. नाही हो. ही दोन वर्षांची पब्लिक कॉलेजं. आज चालू असलेल्यांत सगळ्यात जुनं इलिनॉयमधलं जोलिएट, १९०१ सालचं. देशभरात अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत, एकट्या कॅलिफोर्नियात ११६. प्रवेशाला गुणांची अट नाही, फी कमी, आणि इथून दोन वर्षं करून मुलं चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होतात. अमेरिकेत सायन्स, इंजिनिअरिंगची डिग्री घेणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांनी कधी ना कधी कम्युनिटी कॉलेजात एखादा तरी कोर्स केलेला असतो. स्पेस शटलची पहिली महिला कमांडर एलीन कॉलिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून पुढे गेली. तुमच्या ज्युनिअर, म्हणजे तिसऱ्या, वर्षाच्या वर्गात बसलेली कितीतरी मुलं त्याआधी आमच्याकडे बसलेली असतात, म्हणजे आपण एकाच मुलाला शिकवतोय, फक्त मी आधी आणि तुम्ही नंतर.

आता माझ्या वर्गाचं सांगते. संध्याकाळी सहाची ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीची बॅच, लॅबमध्ये २४ जण, बहुतेकांना नर्सिंगला जायचंय. कोणी वेअरहाऊसची शिफ्ट संपवून येतं, कोणाचं बाळ आजीकडे ठेवलेलं असतं आणि आजीचा फोन आला की बाहेर पळावं लागतं, कोणी लष्करातून परत आलेलं पस्तिशीचं माणूस असतं, आणि बऱ्याच जणांच्या घरी स्पॅनिश बोलतात, कुटुंबातले हे कॉलेजचं तोंड बघणारे पहिलेच. पहिल्या काही वर्षांत माझ्या ह्या वर्गातली साधारण एक तृतीयांश मुलं सेमिस्टर संपेपर्यंत गळायची किंवा नापास व्हायची, आणि मी काय म्हणायचे, की ह्यांची तयारीच कमी आहे, नोकऱ्या करतात, वेळ देत नाहीत. स्टाफरूममध्ये सगळेच असं म्हणायचे त्यामुळे ते खरं वाटायचं.

माझं डोकं फिरलं ते एका साध्या दिवशी. ऑस्मोसिस शिकवत होते. प्रश्न विचारला, कोणी हात वर केला नाही, मी एका मुलीला विचारलं, ती गप्प, मी लगेच पुढच्या बाकाकडे वळले. तास संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली की मला उत्तर माहिती होतं पण शब्द जुळवेपर्यंत तुम्ही पुढे गेलात. तिचे आईवडील मनुक्यांच्या द्राक्षबागांत काम करतात. आमच्या भागात ऑगस्टच्या शेवटी द्राक्षं तोडून वेलींच्या ओळींमध्ये कागदावर उन्हात वाळत घालतात आणि मध्येच पाऊस आला तर सगळा माल जातो, तर ती मला सांगत होती की मनुका पाणी कसा ओढून घेतो हे मी लहानपणापासून बघितलंय. आणि मी तिथेच थांबले कारण मला बार्शी आठवली.

दहावीपर्यंत माझं सगळं मराठीत झालेलं. मनुके पाण्यात टाकले की फुगतात, हे परासरण, हा प्रयोग मी स्वतः केला होता, वहीत आकृती काढून शाबासकी पण मिळवली होती. अकरावी सायन्सला गेले आणि सगळं एका रात्रीत इंग्रजी झालं. सरांनी विचारलं, व्हॉट इज ऑस्मोसिस, मला शब्दच माहिती नव्हता, मी उभी राहिले, सर सेकंदभर थांबले आणि म्हणाले सिट डाऊन, नेक्स्ट. मला परासरण येत होतं हो, ऑस्मोसिस येत नव्हतं. त्यानंतर दोन-तीन महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. मला वाचवलं ते प्रॅक्टिकलच्या मॅडमनी, त्या फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहायच्या, पेशी आणि सेल, हरितलवक आणि क्लोरोप्लास्ट, तंतुकणिका आणि मायटोकॉन्ड्रिया, फार तर महिनाभर केलं असेल त्यांनी, तेवढ्यात आमच्यासारख्या दहा-बारा जणांची गाडी रुळावर आली. सगळ्यांना सामावून घेणारं असं शिकवणं, त्याला तेव्हा कोणी इन्क्लुझिव्ह टीचिंग म्हणत नव्हतं. तुमच्यापैकी मराठी मीडियमवाल्यांना मी काय सांगतेय ते जास्त समजवायला लागू नये. तीस वर्षांनी मी स्वतः त्या सरांच्या जागी उभी राहून एका मुलीला सिट डाऊन केलं होतं, तोंडाने नाही पण केलं होतंच.

तर मग मी शिकायला लागले. आणि कळलं की हे नुसतं मायेने वागण्याचं प्रकरण नाही, ह्याच्यामागे पन्नास वर्षांचं काम आहे. मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी सत्तरच्या दशकात दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपास थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, कधी न बोलणारी पण बोलतात. दोन सेकंदांचा फरक, पैसा लागत नाही. बर्कली युनिव्हर्सिटीत गणिताच्या उरी ट्राईसमननी त्याच दशकात कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं इतकी नापास का होतात हे बघायचं ठरवलं. सगळ्यांनी आपापली कारणं दिली होती, तयारी कमी, घरचा पाठिंबा नाही, इच्छाच नाही. ते मुलांच्या मागे मागे फिरले, त्यांचा अभ्यास बघितला आणि ती कारणं टिकली नाहीत. चिनी वंशाची मुलं वर्ग संपल्यावर एकत्र बसून गणितं करत होती, एकमेकांची चूक काढत होती, आणि कृष्णवर्णीय मुलं प्रामाणिकपणे पण एकेकटी खोलीत बसून अभ्यास करत होती. ट्राईसमननी मग सोपे क्लास काढले नाहीत, अवघड गणितं दिली पण गटात बसवून दिली, आणि चित्र बदललं. मी हे वाचलं तेव्हा स्टाफरूममधली आमची सगळी वाक्यं मला आठवली.

आणि आकडे हवे असतील तर तेही आहेत, तुम्हाला आकडे लागतात हे मला माहितीये आणि लागावेतच. २०१४ साली पीएनएएस ह्या संशोधनाच्या नियतकालिकात सायन्स, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण आलं, नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के, आणि मुलं वर्गातच बोलून, सोडवून शिकतात अशा ॲक्टिव्ह लर्निंगच्या वर्गात २१.८. मग २०२० मध्ये त्याच नियतकालिकात आलं की ॲक्टिव्ह लर्निंग केलं तर मागे राहणाऱ्या गटांच्या परीक्षेच्या मार्कांमधली दरी ३३ टक्क्यांनी आणि पास होण्यातली दरी ४५ टक्क्यांनी कमी होते, पण त्यात एक मेख आहे, वर्गाचा बराचसा वेळ खरंच त्यात घालवला तरच. मध्येच पाच मिनिटं शेजाऱ्याशी बोला म्हणून भागत नाही. म्हणूनच ट्रेनिंग लागतं. एका शुक्रवारी दुपारी सँडविच देऊन दीड तासाचा वर्कशॉप घेतला की झालं असं आमच्या कॉलेजांत अनेक वर्षं चाललंय, माणूस सोमवारी परत त्याच स्लाइडवर येतो. शिकवणं बदलायला मला तरी दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत कोणीतरी माझ्या वर्गात मागे बसून बघणारं, नंतर चहा पिताना स्पष्ट सांगणारं पाहिजे होतं. नशिबाने एक मैत्रीण मिळाली, केमिस्ट्रीची. ती माझ्या तासाला बसायची आणि कागदावर टिंबं काढायची, कोण बोललं, किती वेळा. पहिल्या दिवशी २४ पैकी सहा जणांपुढेच टिंबं होती.

ह्यातलं काही काम तर आमच्याच कम्युनिटी कॉलेजवाल्यांनी केलंय हे पण तुम्हाला सांगावंसं वाटतं. क्युपर्टिनोच्या डी ॲन्झा कॉलेजमध्ये, म्हणजे एका कम्युनिटी कॉलेजमध्ये, सायंटिस्ट स्पॉटलाइट नावाचा गृहपाठ तयार झाला, मुलांनी दर थोड्या दिवसांनी एका अशा शास्त्रज्ञाबद्दल वाचायचं जो नेहमीच्या चित्रातला नाही, त्याचं काम आणि त्याचं आयुष्य दोन्ही, आणि थोडं लिहायचं. टर्मच्या शेवटी मुलांच्या मनातलं शास्त्रज्ञाचं चित्र बदललं आणि सायन्समधल्या माणसाशी आपलं काही नातं आहे असं जास्त जणांना वाटलं, हे त्यांनी नीट मोजून २०१६ साली छापलं. मी हे माझ्या वर्गात करते. पण अशी उदाहरणं कमी आहेत, कारण मोजायला आणि छापायला वेळ कुणाकडे आहे. सायन्स कसं शिकवावं ह्यावरचं बहुतेक संशोधन मोठ्या युनिव्हर्सिट्यांमधल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पूर्णवेळ मुलांवर झालेलं आहे, आणि मग ते आम्हाला वर्कशॉपमधून शिकवतात.

इथेच ग्रँटचा विषय येतो. आमच्याकडे लोक समजतात इन्क्लुझिव्ह टीचिंगचं ट्रेनिंग वेगळं आणि ग्रँट रायटिंगचं वेगळं, एक मनाचं काम आणि एक कागदाचं. माझा अनुभव उलटा आहे. माझं पहिलं प्रपोजल मी एकटीने तीन आठवड्यांत लिहिलं, रात्री, मुलगा झोपल्यावर. नाकारलं गेलं. रिव्ह्यूअरनी जे लिहिलं ते वाचून दोन दिवस वाईट वाटलं आणि तिसऱ्या दिवशी पटलं. मी पंधरापैकी पाच पानं मायक्रोस्कोप आणि मॉडेल्स का हवीत ह्यावर घालवली होती, पण आमची कुठली मुलं कुठल्या आठवड्यात गळतात, कशामुळे, आणि मी जे करणार त्याने ती का थांबतील, हे कुठेच नव्हतं. म्हणजे मला वर्गच दिसत नव्हता तर प्रपोजलमध्ये काय दिसणार. दोन वर्षांनी, वर्ग नीट बघायला शिकल्यावर मी परत लिहायला बसले तेव्हा प्रॉब्लेम स्टेटमेंट अक्षरशः एका बैठकीत झालं, कारण ते टिंबांच्या कागदांत आधीच लिहिलेलं होतं. ते प्रपोजल मंजूर झालं, रक्कम लहान होती पण आमच्या डिपार्टमेंटला तोवर असं काही मिळालं नव्हतं.

पण बाकीच्या गोष्टी कोण शिकवणार? तुमच्याकडे स्पॉन्सर्ड प्रोग्राम्सचं, म्हणजे ग्रँटचा कारभार बघणारं, अख्खं ऑफिस असतं, बजेट करून देणारं माणूस असतं, आधी मंजूर झालेल्या प्रपोजलांचा गठ्ठा असतो, शेजारच्या खोलीत कोणीतरी पॅनलवर जाऊन आलेलं असतं. आमच्याकडे नशीब असेल तर एक ग्रँट रायटर असतो जो नर्सिंगपासून वेल्डिंगपर्यंत सगळं बघतो. सरकारी ग्रँटसाठी लागणारं सॅम डॉट गव्हचं रजिस्ट्रेशन चालू आहे का हे मला डेडलाईनच्या आठ दिवस आधी शोधायला लागलं होतं. पगाराचं गणित वेगळंच. मी आठवड्याला पंधरा युनिट शिकवते, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या तीन-चार पट, त्यामुळे ग्रँटमध्ये खरी गरज असते ती एक वर्ग सोडायच्या परवानगीची आणि त्या वर्गावर येणाऱ्या माणसाच्या पगाराची. हे बजेटमध्ये कसं लिहायचं, आमच्या एचआरच्या कुठल्या कोडात बसवायचं, बोर्डाच्या कुठल्या मीटिंगला न्यायचं, ह्यात माझा सगळा मार्च गेला. इनडायरेक्ट कॉस्ट, म्हणजे ऑफिस, वीज वगैरे सामायिक खर्चासाठी ग्रँटमधून मिळणारा वाटा, त्याचं तर अनेक कॉलेजांनी सरकारशी रेटच ठरवून घेतलेला नसतो, मग सरसकट दर लागतो, आधी १० टक्के होता, ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंत झाला, हे सुद्धा मला एका युनिव्हर्सिटीतल्या ताईंनी फोनवर सांगितलं, आमच्या इमारतीत कोणाला माहिती नव्हतं. आणि मुलांवर अभ्यास करून छापायचा तर आयआरबीची, म्हणजे माणसांवरचं संशोधन तपासणाऱ्या समितीची, मंजुरी लागते, कितीतरी कम्युनिटी कॉलेजांत आयआरबीच नाही.

आणि ॲडजंक्ट, म्हणजे तासांवर नेमलेल्या, लोकांबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुढे नेववत नाही. देशातल्या कम्युनिटी कॉलेजांत शिकवणाऱ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश लोक पार्ट टाइम आहेत. कॅलिफोर्नियात कायद्याने एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका बोर्डाखालच्या कॉलेजांत, त्यांना पूर्ण लोडच्या ६७ टक्क्यांपर्यंतच शिकवता येतं, मग पोट भरायला दोन-तीन डिस्ट्रिक्ट. मी स्वतः सहा वर्षं हायवे ९९ वर ते केलंय, सकाळी एक गाव, दुपारी दुसरं, डिकीत हृदयाचं मॉडेल आणि पेपरांचे गठ्ठे, ऑफिस नाही, मुलं भेटायला आली तर पार्किंगमध्ये उभं राहून बोलायचं. मुलांना सगळ्यात जास्त भेटतात ते हेच शिक्षक, आणि ट्रेनिंगचं आमंत्रण सगळ्यात शेवटी पोचतं ते त्यांनाच, तेही बिनपगारी. कुठल्याही ट्रेनिंगच्या बजेटमध्ये ॲडजंक्टच्या तासांचे पैसे नसतील तर ते ट्रेनिंग एक तृतीयांश लोकांसाठीच आहे असं समजायचं.

हे जमू शकतं हे माहिती असल्यामुळेच मी एवढं लिहितेय. १९९२ साली काँग्रेसने कायदा केला आणि त्यातून एनएसएफचा एटीई प्रोग्राम आला, तंत्रज्ञ घडवण्यासाठी, ज्यात दोन वर्षांच्या कॉलेजांनीच पुढे असायचं असतं. पण बरीच कॉलेजं अर्जच करत नव्हती, कारण तिथे कोणाला लिहिता येत नव्हतं. म्हणून २०१२ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या फ्लॉरेन्स-डार्लिंग्टन टेक्निकल कॉलेजने एनएसएफच्याच पैशातून मेंटर-कनेक्ट सुरू केलं. त्यात कधीच ग्रँट न मिळालेल्या कॉलेजच्या टीमला एक जुना, स्वतः ग्रँट चालवलेला माणूस जोडून देतात आणि तो कित्येक महिने त्यांच्याबरोबर राहतो, मसुदे वाचतो, बजेट बघतो, अर्ज जाईपर्यंत सोडत नाही. शिक्षक एकटा नसतो, कॉलेजच्या ऑफिसचा माणूसही बरोबर शिकतो, मला ह्यातलं हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पण मेंटर-कनेक्ट फक्त तंत्रज्ञांच्या शिक्षणापुरतं आहे. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सच्या साध्या ट्रान्सफर कोर्सवाल्यांना असा धरून शिकवणारा माणूस हवाय.

आता सध्याची परिस्थिती, त्याबद्दल गप्प बसणं बरोबर नाही. एप्रिल २०२५ पासून एनएसएफने चालू असलेल्या हजाराहून जास्त ग्रँट मध्येच रद्द केल्या, त्यात सगळ्यात मोठा फटका सायन्स शिक्षणाच्या विभागाला बसला. सगळ्यांना सामावून घेण्यावरची कामं त्यात बरीच होती, म्हणून इन्क्लुझिव्ह हा शब्दच लिहावा का नाही ह्यावर आमच्याकडे मीटिंगा होतात. मला विचाराल तर ‘शब्द बदला, काम बदलू नका’ असं मी म्हणणार नाही, कारण शब्दांच्या आड लपून केलेलं काम पण कधीतरी थांबवलं जातं आणि मुलांना आपण काय सांगणार. पण हे नक्की सांगते की आमच्या कॉलेजचा दरवाजा सगळ्यांना उघडाच असतो, त्यामुळे आमच्यासाठी हा वर्गात बसलेल्या २४ जणांना शिकवता येणं किंवा न येणं एवढा सरळ प्रश्न आहे. गळती कमी करणं, ट्रान्सफर वाढवणं, नर्स आणि लॅब टेक्निशियन तयार करणं, ही गरज कुठल्याही सरकारला नाकारता येत नाही, आणि ती पुराव्यानिशी मांडायचं कसब आता आधीपेक्षा जास्त लागणार आहे. पैसे आटले की आधी नाव कापलं जातं ते नवख्यांचं.

तर मी तुमच्याकडे काय मागतेय.

डेडलाईनच्या दोन आठवडे आधी येऊ नका, वर्षभर आधी या. कल्पना ठरायच्या आधी. आमच्या मुलांसाठी उन्हाळ्यात आठ आठवड्यांची रिसर्च इंटर्नशिप तुम्ही मनापासून आखता, पण आमचा मुलगा आठ आठवडे नोकरी सोडू शकत नाही आणि तुमच्या गावात राहायला खोली घेऊ शकत नाही, हे तुम्हाला मी पहिल्याच चहाला सांगितलं असतं. तोच रिसर्च माझ्या लॅबच्या तासात, कोर्सचा भाग म्हणून आणला तर २४ च्या २४ जणांना मिळतो.

मला को-पीआय, म्हणजे ग्रँटची सहप्रमुख, करा. पत्र देणारी नको. बजेटमध्ये माझ्या एका वर्गाचा रिलीज टाइम आणि आमच्या दोन ॲडजंक्टच्या तासांचे पैसे लिहा, सबअवॉर्ड, म्हणजे ग्रँटचा एक हिस्सा, आमच्या कॉलेजला द्या म्हणजे आमचं ऑफिस पण तो कारभार करायला शिकेल, पहिल्या वर्षी चुका होतील, थोडं सांभाळून घ्या. तुमच्या आयआरबीच्या छत्राखाली आम्हाला घेता येतं का ते तुमच्या ऑफिसला विचारा, आपसातल्या कराराने ते होतं.

तुमची मंजूर झालेली प्रपोजलं दाखवा, आणि जमलं तर नाकारलेली पण, रिव्ह्यूंसकट. मी जेवढं त्या एका नाकारल्या गेलेल्या प्रपोजलमधून शिकले तेवढं कुठल्याही वर्कशॉपमध्ये शिकले नाही. आमचा मसुदा पॅनलवर बसल्यासारखा वाचा, मराठी म्हणून कौतुक करू नका, जिथे पटत नाही तिथे लाल करा. आणि एनएसएफचे प्रोग्राम ऑफिसर रिव्ह्यूअर शोधत असतात तेव्हा कम्युनिटी कॉलेजच्या लोकांची नावं सुचवा. मी एकदा पॅनलवर जाऊन आले, तीन दिवसांत दहा प्रपोजलं वाचून, बाकीच्यांना वाद घालताना ऐकून माझे डोळे उघडले. ह्याच्याएवढं चांगलं ट्रेनिंग मला तरी माहिती नाही, आणि त्याचे थोडे पैसेही मिळतात.

आणि बदल्यात तुम्ही आमच्याकडून शिका. हे मी औपचारिकपणे म्हणत नाहीये. तुमच्या तीनशे मुलांच्या इंट्रो बायोच्या वर्गात पहिल्या मिडटर्मनंतर जी मुलं दिसेनाशी होतात त्यात आमच्याकडून आलेली पण असतात, आमच्याकडे ती ए घेऊन गेलेली असतात. काय झालं मधल्या काळात, आपण दोघांनी मिळून बघितलंय का कधी? तुमच्या पीएचडीच्या मुलांना एक सेमिस्टर माझ्या वर्गात शिकवायला पाठवा, त्यांना नोकरीच्या अर्जात टीचिंग स्टेटमेंट लिहायचंच असतं, ते इथे खरोखर लिहिण्यासारखं काही करतील.

इथल्या मराठी मंडळांची संघटना, बृहन्महाराष्ट्र मंडळ, दर दोन वर्षांनी अधिवेशन भरवतं, २०२४ चं आमच्या कॅलिफोर्नियात सॅन होजेला झालं. हजारो माणसं येतात, उद्योजकांची वेगळी सत्रं होतात, नाटकं होतात, गाणी होतात, मला ते सगळं आवडतं. तिथे शिकवणाऱ्यांनी दोन तास एका खोलीत बसावं, युनिव्हर्सिटीवाले आणि कम्युनिटी कॉलेजवाले, एकेक जोडी करून उठावं, एवढं केलं तरी पुढच्या अधिवेशनापर्यंत काही प्रपोजलं उभी राहतील. आमच्यासारखे मराठी लोक कम्युनिटी कॉलेजांत कमी नाहीत, पण आम्ही अशा ठिकाणी काय करता विचारल्यावर पटकन विषय बदलतो. तो बदलायला लागू नये असं मला वाटतं.

ती मनुक्यांच्या बागेतली मुलगी ट्रान्सफर झाली. बायॉलॉजीच घेतलं तिने, नर्सिंग सोडून. तुमच्यापैकी कोणाच्या तरी युनिव्हर्सिटीत आता मागच्या बाकावर बसत असेल. तिला प्रश्न विचारलात तर तीन सेकंद थांबा, ती उत्तर देते.

माझा वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहाला असतो, नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटतो. कधीही या, मागे बसा, हवं तर टिंबांचा कागद मी देईन. येणार असाल तर दोन दिवस आधी कळवा, संध्याकाळच्या पार्किंगचा पास आधी काढून ठेवावा लागतो.

तुमची,
कम्युनिटी कॉलेजातली एक बायॉलॉजीची मास्तरीण